दोनशे बारा पावलं

आण्णा खोतांना रस्त्यात नमस्कार करू नये. केलाच, तर उत्तरासाठी थांबायची तयारी ठेवावी. कारण आण्णा चालत असतात तेव्हा पावलं मोजत असतात, तीही मोठ्यानं, आणि मोजत असताना ते देवालाही ओळख देत नाहीत. तुम्ही "काय आण्णा, बरं हाय का?" म्हटलंत की त्यांचा उजवा पंजा वाहतूक पोलिसासारखा वर जातो, तोंडानं "एकशे सोळा, एकशे सतरा" चालूच राहतं, आणि आमच्या दारातल्या विजेच्या खांबाला हात टेकवून "एकशे अठरा" झालं की मगच ते वळून म्हणतात, "हं, बोला आता. काय म्हणत हुतासा?" तोवर आपण काय म्हणत होतो ते आपण विसरलेले असतो.

आणि चुकून त्यांचा आकडा चुकवलात तर संपलंच. एक अक्षर न बोलता ते जिथून निघाले होते तिथवर मागं जातात आणि पुन्हा एकपासून सुरू करतात. मी गारगोटीहून उचगावच्या अंगाला असलेल्या या कॉलनीत राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी नव्या शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यावी म्हणून मी त्यांना दोनदा मागं पाठवलं. तिसऱ्यांदा मी तोंड उघडताच ते म्हणाले, "पावणं, घरात काय काम न्हाय का तुमाला?"

आण्णा मोजणी खात्यात होते. साहेब छत्रीखाली उभे राहून कागद बघायचे आणि आण्णा उसातनं, चिखलातनं, लोकांच्या भांडणातनं साखळी ओढत जायचे. जिल्ह्यातला एक बांध नाही ज्यावर त्यांनी कुणाच्या तरी शिव्या खाल्ल्या नाहीत. त्यामुळं 'साधारण', 'जवळपास', 'असेल की' हे शब्द त्यांना चालत नाहीत. लग्नाला किती माणूस होतं, असं त्यांनी विचारलं आणि तुम्ही "पाचेकशे" म्हणालात, की त्यांच्या कपाळाला आठी. "अंदाजपंचे बोलू नका. पंगती किती उठल्या ते सांगा."

आता यात हसण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. हसण्यासारखी आहे ती त्यांची चाल. आण्णा सहा फुटांच्या वर. छाती अशी की अजून तालमीत शोभावी. आणि हा धिप्पाड गडी चालतो कसा, तर नऊवारी शालू नेसलेल्या नव्या नवरीसारखा. एवढंएवढंसं पाऊल. कॉलनीतली पोरं त्यांच्या मागून तसंच चालत जायची आणि त्यांना ते कळायचंही. मी एकदा धीर करून विचारलं, "आण्णा, गुडघा दुखतो का?"

"चप्पल चावतीया," ते म्हणाले.

कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला चावते हे आम्हालाही मान्य आहे. पण तीच चप्पल दोन वर्षं?

त्यांची बायको, सुमनबाई, आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तरी रोज दुपारी दोन वाजता पहिलीच्या वर्गात गोष्ट सांगायला जातात. इस्त्रीची सुती साडी, ताठ मान, नजर समोर. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत असतो, म्हणजे जप चाललेला असणार. वाटेत कुणी भेटो, दारात कुणी उभं असो, बाई मान वळवत नाहीत. त्यांच्या घरी गेलं तर मात्र "कोण, देसाई? या की, बसा" असं अगदी मोकळं बोलणं. आमच्या सौभाग्यवतींचं मत असं, की बाई घरात गोड आणि रस्त्यात शिष्ट.

आणि या बाईंच्या मागं, बरोबर वीस पावलांवर, आण्णा. रोज. ती पुढं ताठ, हे मागं मोजत. दोघांत शब्द नाही. शेवंताक्का, ज्यांच्या घरी पिठाची गिरणी आहे आणि त्यामुळं दळणाबरोबर सगळ्या गल्लीच्या बातम्याही बारीक होऊन निघतात, त्यांनी निकाल देऊन टाकला होता. "दोघांचं बोलणं न्हाय. शाळंवरनं भांडण झालंय. ह्यो तिला एकटी सोडत न्हाय, आन् ती ह्याला जवळ येऊ देत न्हाय." आम्ही सगळे ते धरून चाललो होतो.

आण्णांची दुसरी खोड म्हणजे गल्ली स्वच्छ ठेवणं. स्वच्छ म्हणजे केर नव्हे. केराचं त्यांना काही नाही. पण वाटेत काही ठेवलेलं त्यांना खपत नाही. कुणाची कुंडी पुढं आली, सायकल आडवी लागली, की आण्णा दारात. "आत घ्या." मी न्हाणीघराची दुरुस्ती काढली तेव्हा वाळूचा ढीग गल्लीत टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर ढीग गायब. आण्णांनी एकट्यानं घमेल्यानं सगळी वाळू माझ्या परसात नेऊन टाकली होती, आणि वर मलाच ऐकवलं, "रस्ता काय तुमच्या सासऱ्याचा हाय व्हय?" मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नसावं, कारण त्या आठ दिवसांत मी त्यांचा आकडा एकदाही चुकवला नाही.

अशात नव्या रस्त्याची बातमी आली.

हायवेवरून साखर कारखान्याकडं जाणारी उसाची वाहनं गावातून जातात, तिथं कोंडी होते, म्हणून नवा जोडरस्ता काढायचा. नकाशावर तो सरळ पट्टी ठेवून आखला होता आणि ती पट्टी आमच्या गल्लीवरून गेली होती. बारा फुटांची गल्ली तीस फुटांची होणार. दोन्ही अंगांच्या घरांचे कट्टे, पायऱ्या, पत्र्याची छपरं जाणार, आणि ट्रॉल्या शाळेच्या फाटकासमोरून धावणार.

ग्रामसभेला झाडून सगळे हजर होते. रस्ता हवा होता सगळ्यांनाच. फक्त तो शेजाऱ्याच्या दारातून जावा, एवढंच प्रत्येकाचं म्हणणं होतं. पोवारांचा कट्टा जात होता, म्हणून पोवार रस्ता समोरच्या अंगाला सरकवा म्हणत होते. समोरच्या अंगाला शेवंताक्कांची गिरणी होती. मग पुढचा अर्धा तास काय झालं ते लिहिण्यासारखं नाही.

आण्णा शेवटी उठले. "शाळंच्या फाटकापासनं रस्ता किती पावलांवर येणार?"

एक सदस्य म्हणाले, "असंल की पंधरा-वीस."

"अंदाजपंचे न्हाय. सहा. पयलीतल्या पोराची सहा पावलं. पोरगं फाटकातनं पळत सुटलं की सातवं पाऊल ट्रॉलीखाली."

आण्णा पुढं बोलायला लागले, "ही गल्ली मोडली तर..." आणि त्यांना पुढचं सुधरेना. ते तसेच खाली बसले. मला नवल वाटलं, कारण खोतांचं घर गल्लीच्या पार वरच्या टोकाला, आत. त्यांची एक वीटही जाणार नव्हती. रस्ता खात्याची माणसं पंधरवड्यानं जागा बघायला येतील, तोवर हरकती लिहून ठेवा, असं ठरून सभा उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आण्णा फक्कीचं पोतं घेऊन हजर. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी भुकटी. हातात नकाशाची नक्कल, डोक्याला टॉवेल. "कागदावर कुणाला काय दिसत न्हाय. जिमिनीवर दावतो," म्हणाले, आणि त्यांनी रस्त्याच्या दोन्ही कडा खऱ्या मापानं आखून दिल्या. पांढरी रेघ एका अंगाला पोवारांच्या कट्ट्यावर चढली, उतरली, दुसऱ्या अंगाला शेवंताक्कांच्या गिरणीच्या पट्ट्याखालून गेली, माझ्या स्कूटरच्या छपराचे दोन तुकडे करून शाळेच्या फाटकापुढून पलीकडं निघाली. तोवर रस्ता हा एक विषय होता. आता तो आमच्या घरात आला होता.

आणि इथं आमच्या गल्लीनं जे केलं ते दुसरीकडं कुठं झालं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी, सडा-सारवणाच्या वेळी, पोवारांच्या घरातनं कुणीतरी ती रेघ केरसुणीनं झाडली आणि मूठभर रांगोळीनं चार फूट पलीकडं पुन्हा काढली. कट्टा वाचला! मंगळवारी शेवंताक्कांनी पीठ वापरून ती सहा फूट अलीकडं ढकलली. बुधवारी... लपवण्यात अर्थ नाही, बुधवारी मी. फक्त दोन फूट. माझी स्कूटर तेवढी छपरात राहावी, बाकी माझं काही म्हणणं नव्हतं. खात्याची माणसं येऊन ही रेघ बघणार आणि तिच्यावरूनच रस्ता नेणार, अशी कशी कोण जाणे, पण सगळ्या गल्लीची पक्की खात्री झाली होती. बी.कॉम. झालेल्या माझीसुद्धा.

रेघ रोज फिरत होती. पूर्वेच्या घरांनी पश्चिमेला, पश्चिमेच्या घरांनी पूर्वेला. मग कुणीतरी डोकं लढवून ती सरळ घरांच्या मागच्या अंगाला नेली. मागं गोठेवाले होते, ते काय ऐकून घेतात? त्यांनी ती शाळेच्या पिछाडीच्या भिंतीला लावली. शाळेच्या मोहिते बाई, मुख्याध्यापिका, पदर खोचून स्वतः बाहेर आल्या आणि त्यांनी पोरांच्या खेळाच्या सामानातली फक्की घेऊन रेघ एका दमात तीस फूट लांब, ओढ्याकाठच्या पडीक गायरानात नेऊन टाकली. तिथं कुणाचं घर नव्हतं, गोठा नव्हता. तिथं केरसुणी घेऊन येणारं कुणी नव्हतं. रेघ तिथं राहिली.

आण्णा ओरडतील असं वाटलं होतं. पण ते रोज सकाळी यायचे, फिरलेली रेघ बघायचे, टेप लावायचे, खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहायचे आणि निघून जायचे. आम्हाला वाटलं, मनावर परिणाम झाला.

पंधरवड्यानं जीप आली. त्यातून एक तरुण इंजिनिअर बाई उतरल्या, डोक्याला टोपी, पायात बूट. आण्णा पुढं झाले. "पावणं कुठलं म्हणायचं?"

"मुरगूडची मी."

"मुरगूड! आमच्या बाईंचं माहेर की! मग च्या घेतल्याबिगर जायचं न्हाय." आणि लगेच, "पर आदी काम."

मॅडमनी गल्ली बघितली, नकाशा बघितला आणि मागं गायरानात गेल्यावर त्यांना ती पांढरी रेघ दिसली. "ही कुणी मारली?"

पोवार आभाळाकडं बघायला लागले. शेवंताक्कांना गिरणी चालू ठेवून आल्याचं आठवलं.

"पयली मी मारली," आण्णा म्हणाले. "मग समद्यांनी." आणि त्यांनी वही काढली. भर गायरानात, सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात वाचन सुरू झालं. "सोमवार, पोवार, चार फूट. मंगळवार, शेवंताक्का, सहा फूट, पीठ वापरलंय. बुधवार, देसाई, दोन फूट..." मी माझ्या चपलेकडं बघत होतो. "...आन् मोहिते बाई, तीस फूट, एका दमात."

मॅडम हसू आवरत होत्या, ते काही आवरेना. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे कुणाचीच हरकत नाही तिथून ही लाईन निघाली तर."

"तेच की! आमी येवढी वर्सं साखळ्या ओढल्या, पर आशी मोजणी कवा झाली न्हाय. घर जाईत न्हाय, गोठा जाईत न्हाय, शाळा जाईत न्हाय. म्हणून मी पुसली न्हाय."

मॅडमनी ओढ्याकडं बोट केलं. "पुराचं पाणी?"

आण्णा त्यांना एका बाभळीजवळ घेऊन गेले. खोडावर विळ्यानं घातलेली खाच होती. "मोठ्या पुरात पाणी हितवर आलतं. मी सवता खाच घातलीया. भराव टाका, एक मोरी ठेवा, पाणी जातंय."

"पण लांब पडतं, आण्णा."

"एकशे चाळीस पावलं."

"कुणाची पावलं?" मॅडम म्हणाल्या. हुशार बाई.

आण्णा जरा घुटमळले. "मोटारीला कुठं पावलं असत्यात? तिला लांब काय, जवळ काय. तुमी चालणाऱ्याचं बगा."

आम्ही गल्लीत परतलो, तेवढ्यात शाळेची मधली सुट्टी झाली. घंटा वाजायचा अवकाश, फाटकातून पोरांचा लोंढा सुटला आणि इकडंतिकडं न बघता थेट गल्लीत, नकाशावर ट्रॉल्या धावत होत्या त्या जागेत, येऊन थांबला. एक चिमुरडी धावत येऊन मॅडमच्या पायांवरच आदळली, "सॉरी मॅडम" म्हणाली आणि पळाली. मॅडमनी ती गेली तिकडं बघितलं, मग नकाशावर पेन्सिलीनं काहीतरी केलं. चहा मात्र त्या खोतांच्या घरी तासभर घेत बसल्या.

मग कागद फिरले, हरकती झाल्या, दोनदा सगळं बारगळलं असंही ऐकलं. पण सुधारलेला नकाशा पुढच्या ग्रामसभेत आला तेव्हा रेघ ओढ्याकाठून होती. ज्या दिवशी गायरानात खुणेचे दगड रोवले, त्या दिवशी मी रजेवर होतो. पेढे खाऊन दारात उभा होतो. दोन वाजले होते. सुमनबाई नेहमीसारख्या आल्या, ताठ मान, नजर समोर. मला आनंद आवरेना. त्यांच्या शिष्टपणाची पर्वा न करता मी जोरात ओरडलो, "बाई, अभिनंदन! रस्ता मागनं गेला हो!"

बाई थांबल्या. आजवर त्या कधीच थांबल्या नव्हत्या. त्यांनी हसून तोंड वळवलं, पण माझ्याकडं नाही; माझ्यापासून चार हातांवरच्या पेरूच्या झाडाकडं. "कोण, देसाई का? बरं झालं हो. पोरांचं कल्याण झालं." मग त्या पुढं जायला वळल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. पाऊल उचललं, पुन्हा ठेवलं. पेरांवरचा अंगठा थांबला होता. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण ते घाबरलं होतं.

मागं वीस पावलांवर आण्णा उभे होते. मला वाटलं आता पंजा वर होईल, शिवी येईल. तसलं काही झालं नाही. त्यांनी आमच्या दारातल्या खांबाकडं बघितलं आणि स्वतःशीच पुटपुटावं तसं, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एकशे अठरा."

बाईंचा अंगठा हलला. "एकशे एकोणीस," त्या ओठातल्या ओठात म्हणाल्या आणि चालू लागल्या. तेवढंच, एवढंएवढंसं पाऊल. मागून आण्णांचंही तेवढंच.

मी दारात उभा राहिलो. वाळूचा ढीग आठवला. कुंड्या, सायकली, चावणारी चप्पल, शेवंताक्कांचा निकाल आणि त्यावर माना डोलावणारे आम्ही सगळे. मला माझी फार लाज वाटली.

बाईंना शाळेत सोडून आण्णा परत आले, ते आपणहून आमच्या पायरीवर बसले. "दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "आदी कडंचं दिसायचं गेलं, मग मधलं. आता उजेड तेवढा कळतोय. म्हटलं, हात धरून नेतो. तर म्हणती, मी बाई हाय त्या पोरांची, त्यांच्या म्होरं कुणाचा हात धरून जाऊ व्हय? कुणाला सांगायचं बी न्हाय. मग मी तिच्या टांगंनं मोजून दिलं. दोनशे बारा. मधनं रस्ता गेला असता तर कसं मोजणार? ट्रॉली काय थांबती व्हय मोजायला?"

"त्यांना माहीत आहे का, तुम्ही मागं असता ते?"

आण्णा हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. "ती म्हणती, माझ्या मागनं येत जाऊ नका. मी म्हणतो, मी कुठं येतोय? मी आपलं माझं मोजतोय."

मी आत वळून चहाला सांगणार होतो. पण त्यांचा पंजा वर झाला. ते उठले, धोतराची माती झाडली. "च्या नंतर. साडेतीनला सुटती ती. येताना दोनशे चौदा हुत्यात. चढ हाय."

ते गेल्यावर मी गल्लीत उतरलो. माझ्या स्कूटरचं मागचं चाक छपराबाहेर आलं होतं. मी ती दोन फूट आत घेतली.